खालची बाजू

वरून पाहाल तर टाका सरळ.
उलटवाल तर जाळं.

गार्डाचे पांढरे गणवेश, बारा, ड्रिलचे,
मधे मधे झेंड्यांचे चौकोन, लाल, हिरवे,
आणि खाली अस्तरावर दोऱ्याचे फासे,
कुणी घाईत वीण सोडून उठल्यासारखे.

नेहेतेबाबा रोज चारला येतात.
झाली का, असं विचारत नाहीत.
बाकावर बसतात, जिथून मशीन दिसतं,
आणि भुसावळचा मे महिना
पंख्याखालून आमच्या दोघांवर सारखाच ओततो.

मी काय काय केलं ते सांगते.
सुई बदलली, सोळा काढून अठरा घातली,
ड्रिलला अठराच लागते, एवढं मला कळतं.
बॉबिनची डबी दोऱ्याला टांगून झटकली,
बोटभर उतरली, थांबली.
म्हणजे खालचं ठीक होतं.
तरी तिचा स्क्रू पिळला. पाव फेरा. मग अर्धा.
मग मुळात कुठे होता तेच विसरले.
शटलमधून वातीपुरता भुगा काढला.
तेल दिलं. जास्त दिलं. वीतभर टाके काळे आले.
हर्षालीला बोलले. रोज बोलले.
कापड ओढतेस, म्हटलं, हात जड आहे तुझा.
ती काही म्हणाली नाही, ब्लेडनं उसवत राहिली.

युनूस पिंजारीला फोन लावला, तो यावलला लग्नात.
बँडच्या वरताण ओरडला,
"टेन्शन बघा भाभी, टेन्शन!"
तेच घेऊन बसलेय, म्हटलं.
त्याचे वडील याच गल्लीत कापूस पिंजायचे.
तात ढिली पडली की आवाजावरून ओळखायचे,
हात लावावा लागत नसे.
माझ्या मशीनला एकच आवाज,
बरं शिवताना तोच, वाटोळं करताना तोच.

चौथ्या दिवशी बाबा बाकावरून उठले.
"मी काय म्हनतो,
छत्तीस वर्षं मी शेवटच्या डब्यात बसलो.
झटका बसे तो मले. चहा सांडे तो माझा.
पन मारनारा पुढे राहे, इंजिनात,
चाळीस वाघिणी पुढे.
मी माझा ब्रेक कितीबी पिळला तरी काय?"
आणि चष्मा पुसत पुन्हा जागेवर.

मी वर पाहिलं.
रिळापासून दोरा बोटानं ओढत आले.
चकत्यांपाशी तो अडायला हवा होता,
थोडा, हट्टी पोरासारखा.
तो आला सरसर, ताकातून काडी यावी तसा.
दाबाचा पाय उचलला. चकत्या उघडल्या.
दोरा त्यांच्यात नव्हताच,
वरच्या काठावरून नुसता गेला होता,
पाहुणा उंबऱ्यावरून परतावा तसा.

पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात.
मिटलेल्यात दोरा शिरत नाही.
सोमवारी रीळ मीच बदललं होतं,
भाजीवाल्याशी बोलत बोलत, पाय खाली ठेवून.

पाय वर. दोरा नव्यानं.
डबीचा स्क्रू उलटा, टांगून, झटकून, पुन्हा झटकून.
चिंधीवर लाल वरती, काळा खाली,
म्हणजे कोण कुणाकडे जातंय ते कळावं.
दहाव्या चिंधीला कुणीच कुणाकडे गेलं नाही.
दोघांची गाठ पडली ती आत, कापसात,
कुठल्याच बाजूनं दिसणार नाही अशी.

बाबांनी गोधडी घेतली, आधी उलटी केली.
कोपऱ्यातल्या एका हिरव्या चौकोनामागे
फासे राहून गेले होते.
त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिले,
ती बाजू आत घडी घातली,
आणि पैसे मोजायला लागले.

हर्षालीला मी अजून नीट काही म्हटलेलं नाही.
तिचा चहा मी आणते, एवढंच.
रीळ बदलायला उठले
की ती मान वर न करता विचारते,
"पाय उचलला का?"
उचलला, म्हणते.
मग एकदा बघून घेते.